रात्रभर 'सिक' होती म्हणाला, मी क्रोसिन दिली. फॉरेनर पाहुण्यांची तक्रार आणि आजारपण इंग्रजीत कसं सांभाळता?

माडाखालचं_घर

नमस्कार मंडळी. देवबागला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, मी आणि सासूबाई मिळून बघतो, नवरा बोटीवर असतो. पाहुणे जास्त करून पुणे-कोल्हापूरचे, पण हल्ली गोवा करून वर येणारे फॉरेनर पण राहतात. माझं शिक्षण मराठी मीडियम, इंग्रजी कामापुरतं येतं, चेक-इन, जेवण, डॉल्फिनची बोट एवढं जमतं. अडतं कुठे तर काही बिनसलं की.

डिसेंबरात एक ब्रिटिश जोडपं होतं. सकाळी सातला तो एकटाच पडवीत आला आणि म्हणाला, 'शी हॅज बीन सिक ऑल नाइट'. मी समजले आजारी आहे, ताप-बीप असेल, म्हणून क्रोसिन, चहा आणि टोस्ट पाठवला. साडेअकराला खोलीत गेले तर ती बाथरूमच्या दारात जमिनीवर बसलेली, ओठ कोरडे पडलेले आणि बादलीत ओकारी. रात्रीपासून उलट्याच चालू होत्या! रिक्षा करून मालवणला नेलं, सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत बरी झाली. पण तो माझ्यावर खूप चिडला, म्हणाला मी सकाळीच सांगितलं होतं. मी घाबरून सॉरी सॉरी म्हणत राहिले आणि मग 'सर व्हॉट इज युअर प्रॉब्लेम' विचारलं तर अजूनच भडकला. मला खरंच मदत करायची होती. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. माझं नक्की काय चुकलं आणि अशा वेळी काय बोलायचं, कोणी नीट सांगेल का?

रिसेप्शन_रात्रपाळी

ताई, आधी एक गोष्ट, तुमच्या मनात काही वाईट नव्हतं आणि तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत, ते महत्त्वाचं. मी उत्तर गोव्यात १४ वर्षं फ्रंट ऑफिसला आहे, हे दोन्ही घोटाळे माझ्याकडून झालेत.

ब्रिटिश माणूस 'बीन सिक' म्हणाला की बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलटी झाली. नुसतं बरं नसेल तर तो 'अनवेल' किंवा 'इल' म्हणेल. अमेरिकन 'थ्रोइंग अप' म्हणतो. आणि आपण सर्रास 'लूज मोशन' म्हणतो ते त्यांना कळतच नाही, तिथे 'डायरिया' नाहीतर 'अपसेट स्टमक' म्हणायचं.

'व्हॉट इज युअर प्रॉब्लेम' हे आपल्याला साधं वाटतं, काय अडचण आहे असं, पण त्यांच्या कानाला ते 'तुला काय प्रॉब्लेम आहे रे' असं भांडणाचं लागतं. त्याऐवजी 'व्हॉट हॅपन्ड?' विचारा. नाहीतर 'प्लीज टेल मी, आय ॲम लिसनिंग'. एवढंच, आणि मग गप्प राहा, त्याला पूर्ण बोलू द्या. अर्ध्यात 'बट सर' आलं की सगळं बिघडतं. त्याचं झालं की त्याचेच शब्द परत त्याला सांगा, 'सो द फॅन स्टॉप्ड ॲट टू अँड यू कुड नॉट स्लीप'. यात ग्रामर चुकलं तरी चालतं, त्याला कळतं की हिने ऐकलंय. निम्मा राग तिथेच उतरतो, हे मी रोज बघतो.

सॉरी एकदाच म्हणा, पण कशाबद्दल ते जोडून. 'आय ॲम सॉरी अबाउट युअर नाइट'. दहा वेळा नुसतं सॉरी म्हटलं की त्यांना वाटतं काम होणार नाही, फक्त सॉरीच मिळणार. आणि 'फाइव्ह मिनिट्स' कधीच सांगू नका. आपल्याकडे पाच मिनिटं म्हणजे बघतो, त्यांच्याकडे पाच मिनिटं म्हणजे सहाव्या मिनिटाला तो घड्याळ बघत उभा. वायरमन मालवणहून यायचा असेल तर सरळ 'वन अवर' सांगा, पाऊण तासात आला तर तोच थँक्यू म्हणेल.

'तुमच्या जेवणामुळेच झालं' असं कोणी म्हणालं तर तिथे वाद घालू नका आणि घाबरून कबूलही करू नका. 'लेट अस गेट यू टू अ डॉक्टर फर्स्ट'. काय खाल्लं, किती वाजता, बाहेर कुठे खाल्लं, हे शांतपणे विचारून कागदावर लिहा, डॉक्टरला तेच लागतं.

वॉर्डातली_ताई

मी नर्स आहे, आधी मुंबईत होते, आता सात वर्षं इंग्लंडमध्ये. वरचं सगळं पटलं, औषधाचं मी सांगते.

अंदाज करण्यापेक्षा पाहुण्याला साधे प्रश्न विचारा. 'व्हेअर डझ इट हर्ट? शो मी.' 'व्हेन डिड इट स्टार्ट?' 'हाऊ मेनी टाइम्स?' 'कॅन यू कीप वॉटर डाऊन?' म्हणजे पाणी पोटात टिकतंय का. आणि 'व्हेन डिड यू लास्ट पी?' हे विचारायला संकोच वाटतो पण विचाराच, सहा-आठ तास लघवी नसेल तर अंगातलं पाणी संपत आलंय, सरळ डॉक्टर. चक्कर म्हणजे 'डिझी', आपलं 'गिडिनेस' तिथे कोणी बोलत नाही. 'शुगर आहे का' विचारू नका, तो साखर आणून देईल, 'डायबिटीज' म्हणा.

घरात ओआरएसची पाकिटं ठेवा, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली, गोड सरबताचे टेट्रापॅक नकोत. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, मोजून. उलटी होत असेल तर घोट घोट द्यायचं. गोळी आपल्या मनाने देऊ नका, क्रोसिन सुद्धा 'आर यू अॅलर्जिक टु एनी मेडिसिन' विचारल्याशिवाय नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, पण अमेरिकन पाहुण्याला तो शब्द माहीत नसतो, ते टायलेनॉल म्हणतात, त्यामुळे दोन्हीकडून डबल डोस जाऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेंगदाणा. आपण शाळेत ग्राउंडनट शिकलो, ते पीनट म्हणतात. पाहुणी म्हणते 'नो पीनट्स', स्वयंपाकघरातली मुलगी मान डोलावते आणि कोशिंबिरीत सवयीने कूट पडतं. पीनट अॅलर्जीने माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. ओठ-जीभ सुजणं, घसा घोगरा होणं, धाप लागणं दिसलं तर 'डू यू हॅव अॅन एपिपेन?' विचारा, म्हणजे अॅलर्जीवरचं तयार इंजेक्शनचं पेन, असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, लगेच १०८ लावायचा, पाय वर करून झोपवायचं, श्वास लागत असेल तर बसू द्यायचं पण उभं करून चालवायचं नाही. बरं वाटलं तरी हॉस्पिटल चुकवायचं नाही.

लेणीवाला

मी वेरूळ-अजिंठ्याला गाइड आहे. वरच्या दोघांनी ब्रिटिश-अमेरिकनचं सांगितलं, पण माझ्याकडे जपान, थायलंड, श्रीलंका, कोरियाचे खूप येतात आणि कित्येकांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कच्चं असतं. त्यांना 'आर यू ओके?' विचारलं की ते 'येस येस' म्हणतात, चक्कर येत असली तरी. जपानी आजी-आजोबा तर तक्रार करणं वाईट समजतात. म्हणून हो-नाहीचा प्रश्नच विचारायचा नाही. 'शो मी' म्हणायचं आणि स्वतःच्या छातीवर, पोटावर हात ठेवून दाखवायचं. एप्रिलात कैलास लेण्याच्या पटांगणात दगड इतका तापतो की सावली शोधावी लागते. मागे एक काका तिथे हसत हसत 'फाइन फाइन' म्हणत होते, पण चेहरा लाल आणि घाम एकदम बंद झालेला, मी ग्रुप तिथेच थांबवून त्यांना सावलीत घेतलं, मानेवर काखेत ओले रुमाल ठेवले आणि गाडी बोलावली. तोंडाने काय म्हणतात त्यापेक्षा चेहरा बघा.

कट्ट्यावरचा

एवढं पाठ कशाला करायचं, मोबाइलवर ट्रान्सलेटर आहे ना, मराठीत बोला तो इंग्रजी करून देतो.

रिसेप्शन_रात्रपाळी

साध्या गोष्टीला ठीक आहे, मीही रशियन पाहुण्यांसाठी वापरतो. पण रात्री दोनला रेंज नसते आणि धाप लागलेला माणूस स्क्रीनकडे बघत बसत नाही. दहा वाक्यं तोंडात बसलेली असलीच पाहिजेत.

ताई, अजून एक राहिलं. परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म तुम्ही २४ तासांत भरताच, तेव्हाच 'डू यू हॅव ट्रॅव्हल इन्शुरन्स?' विचारून ठेवा. त्यांच्या पॉलिसीवर सहसा २४ तासांचा हेल्पलाइन नंबर असतो, अॅडमिट करायची वेळ आली तर तिथे पहिला फोन. दवाखान्यातून बिल आणि डॉक्टरचं पत्र इंग्रजीत मागून घ्या, त्याशिवाय त्यांना क्लेम मिळत नाही. हे तुम्ही आपणहून केलंत तर रागावलेला माणूससुद्धा विसरत नाही.

माडाखालचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता रडूच आलं, कारण आता कळलं की त्याने सकाळी सातलाच मला सगळं सांगितलं होतं. आज सासूबाईंना शेंगदाण्याच्या डब्यावर मराठीत 'पीनट' लिहून दिलं, त्यांनी मिक्सरच्या भांड्यावर पण चिकटवलं, म्हणाल्या कूट यातच होतं. डाळीच्या डब्याशेजारी ओआरएसची दहा पाकिटं ठेवली. नर्सताई, एक राहिलं, पाण्यात जेलीफिश लागली तर? पाहुणे 'बाइट' म्हणत नाहीत, काहीतरी वेगळंच म्हणतात.

वॉर्डातली_ताई

'स्टंग' म्हणतात. 'समथिंग स्टंग मी'. समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही, वाळू चोळायची नाही, चिकटलेले धागे हातमोजा घालून किंवा चिमट्याने काढा. आणि लगेच विचारा, 'इज इट हार्ड टु ब्रीद?' हो म्हणाले तर १०८.