मदत हवी आहे: पाइपमधील तंबाखूचा स्वाद शेवटपर्यंत टिकवावा कसा?

नमस्कार मंडळी,

ज्यांचा पाइपचा छंद जुना आणि मुरलेला आहे, त्यांच्याकडून मला एका नेमक्या अडचणीबाबत मार्गदर्शन हवे आहे. व्हर्जिनिया तंबाखू ओढताना सुरुवातीचा गोडसर, वाळत घातलेल्या गवतासारखा स्वाद मला अगदी स्वच्छ कळतो. बाऊल, म्हणजे पाइपचा तंबाखू भरायचा खोलगट भाग, अर्ध्यावर आला की मात्र तो स्वाद विरत जातो आणि मागे उरते ती नुसती उष्णता व जिभेच्या टोकावरची चरचर. तंबाखू बदलावा, तो भरण्याची पद्धत बदलावी, झुरक्यांचा वेग आणखी कमी करावा, की नाकाजिभेला ओळख पटेपर्यंत धीर धरावा, याचा उलगडा मला होत नाही.

मला या छंदात सर्वाधिक मोलाचा वाटतो तो गंध, आणि तो एकच एक गंध नसतो. बंद डब्यातला तंबाखू, काडी लागताक्षणीचा तंबाखू, मध्यावर आलेला निखारा आणि दुसऱ्या दिवशी थंड पाइपच्या नळीत रेंगाळणारा वास, या चारही गोष्टी एकाच पानाच्या असूनही एकमेकींपासून पुष्कळ वेगळ्या असतात. मी मुख्यतः फ्लेक वापरतो, म्हणजे पाने दाबून केलेल्या वडीच्या पातळ पट्ट्या. पट्टी बोटांत धरून हलकेच वाकवली की ती पानांच्या थरांवरून सुटते, आत सोनेरी आणि गडद तपकिरी रेषा एकाआड एक दिसतात, आणि चोळताना बोटांना किंचित चिकट, तेलकट स्पर्श होतो. काडीच्या टोकावरचे रसायन जळून जाईपर्यंत क्षणभर थांबून ज्योत बाऊलच्या तोंडावर गोल फिरवली, की वरचे तंतू वळवळत फुगून वर येतात. ते टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबण्याच्या छोट्या दांडीने, अलगद बसवून दुसऱ्यांदा पेटवल्यावर जो पहिला शांत झुरका मिळतो, त्यात व्हर्जिनियाचा सगळा गोडवा असतो. हाच गोडवा मला तळापर्यंत हवा आहे.

तो गोडवा कशातून येतो, हे माझ्या समजुतीप्रमाणे असे आहे. व्हर्जिनियाची पाने धूर न लागू देता तापवलेल्या हवेत सुकवतात, त्यामुळे पानातील पिष्टाची साखर होते आणि ती बरीचशी टिकून राहते. बर्ली या दुसऱ्या प्रकारच्या तंबाखूची पाने हवेशीर कोठारात कित्येक आठवडे सावकाश वाळतात; त्या काळात त्यांतील साखर जवळजवळ संपते आणि स्वाद कोरडा, कवचाच्या फळांकडे झुकणारा होतो. जीभ चरचरण्याची तक्रार व्हर्जिनियाबाबतच अधिक ऐकू येते, आणि बर्लीवर माझी जीभ कधीच इतकी पोळत नाही, हेही येथे नोंदवतो.

अर्ध्यानंतर स्वाद का जातो, याविषयी माझा अंदाज ओलाव्याकडे बोट दाखवतो. वरचा निखारा जळताना निघणारी वाफ आणि तेलकट अंश खालच्या न जळलेल्या तंबाखूतून गाळले जाऊनच नळीत येतात. म्हणजे बाऊलचा खालचा भाग आपली पाळी येईपर्यंत भिजत राहतो. तो पेटता ठेवण्यासाठी झुरके आपोआप जोराचे होतात, धूर तापतो, आणि तापलेल्या धुरातली वाफ जीभ पोळते. म्हणून आता मी तंबाखू डब्यातून काढल्यावर कागदावर पसरून ठेवतो आणि चिमटीत दाबल्यावर तो गोळा न होता मोकळा सुटू लागला, की मगच भरतो. याने चरचर कमी झाली, पण सुरुवातीचा गंधही थोडा उडाल्यासारखा वाटतो. कोरडेपणा नेमका कुठे थांबवावा, याची हाताला कळेल अशी काही खूण कोणी सांगू शकेल का?

दुसरी शंका नाकाची आहे. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच ओळखते. बाकी आपण ज्याला स्वाद म्हणतो त्याचा फार मोठा भाग तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढणाऱ्या गंधाचा असतो. जाणकार मंडळी तोंडातल्या धुराचा अगदी थोडा अंश नाकावाटे बाहेर सोडतात आणि त्यातूनच तंबाखूचे बारकावे ओळखतात. मला हे जमते तेव्हा स्वाद खरोखर दुपटीने उमलतो, परंतु मिश्रणात पेरिक असेल तर नाकात मिरीसारखी झणझणीत कळ उठते. लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात ओकच्या पिंपांत दाबाखाली सुमारे वर्षभर आंबवलेला हा तंबाखू मनुका आणि मिरी अशा दोन्ही अंगांनी बोलतो, आणि मला तो अतिशय प्रिय आहे. त्याचा तिखटपणा सोसत नाकाची सवय वाढवावी, की आधी निव्वळ व्हर्जिनियावरच नाक तयार करावे?

पाइपचाही यात वाटा असावा. माझा नेहमीचा पाइप ब्रायरचा आहे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका झुडपाच्या मुळाशी असलेल्या गाठीतून कोरलेला. हे लाकूड धुराचा वास धरून ठेवते. याच पाइपमध्ये मी काही काळ लताकिया ओढला होता. शेकोटीच्या धुरात सुकवलेल्या त्या पानाचा कमावलेल्या चामड्यासारखा, धुरकट वास इतका चिवट आहे, की व्हर्जिनियाच्या मागे तो अजूनही उभा असल्याचा भास होतो. दोन्ही तंबाखू मला आवडतात, त्यामुळे कोणाला सोडण्याचा प्रश्न नाही. मग लताकियासाठी निराळा पाइप ठेवावा, की व्हर्जिनियासाठी मीअरशॉमचा घ्यावा? तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या परिसरात मिळणारे हे पांढरे, सच्छिद्र आणि वजनाला हलके खनिज ओलावा शोषते आणि मागचा वास फारसा धरत नाही, असा त्याचा लौकिक आहे. वापराबरोबर त्यावर चढत जाणारा मधाळ रंग मला मोहवतो, हेही खरे. पण माझ्या मूळ अडचणीवर त्याचा उपयोग होतो का, एवढे आधी कळायला हवे.

पाइपचा धूर छातीत न घेतला तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरते आणि तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच मी क्वचित ओढतो, आणि क्वचित ओढतो म्हणूनच तो एक बाऊल तळापर्यंत चवीने ओढता यावा, अशी इच्छा आहे.

उत्तर देताना आपण कोणता तंबाखू ओढता, बाऊल रुंद आहे की अरुंद व खोल, आणि फ्लेक चोळून मोकळा करता की घडी घालून तसाच भरता, हे कृपया लिहावे, म्हणजे आपला अनुभव मला माझ्या पाइपवर ताडून पाहता येईल.