मदत हवी आहे: जुन्या पिकअपचा गंज काढून रंग मारला, आठ महिन्यांत पुन्हा फोड

मंडळी, गाडी २३ वर्षांची आहे. जुन्या धाटणीची, चासीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) केबिन आणि मागे हौदा. इंजिनाबद्दल तक्रार नाही, दुखणं पत्र्याचं आहे.

गेल्या वर्षी दोन्ही दरवाजांच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. घरीच काम केलं. ग्राइंडरला तारेचा कप लावून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, त्यावर थेट लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरली, ८० आणि मग १८० नंबरच्या पेपरने सपाट केली. शेवटचा हात ३२० च्या वॉटर पेपरने, पाणी मारत मारत, कारण धूळ नाकात जात होती. वर स्प्रेच्या डब्यातला करडा प्रायमर, मग रंग. लांबून बघणाऱ्याला कळत नव्हतं. (जवळून कळायचं, पण जवळ येतंय कोण.)

आठ महिन्यांनी तिथेच फोड, आधीपेक्षा मोठे. नखाने उचकटून पाहिलं तर लांबीचा अख्खा पोपडा हातात आला आणि खाली पत्रा तांबडालाल. आता केबिनच्या मागच्या कोपऱ्यातही फुगवटा दिसला म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं, तर तो आरपार गेला. हौद्यातलं रबरी मॅट उचललं, त्याखालीही ओल आणि गंज.

वेल्डिंग मशीन नाही, शिकायची तयारी आहे. विचारायचं ते असं: लांबी कमी पडली की प्रायमर चुकला? गंजाला काळं करणारं रसायन मिळतं ते लावून वर रंग मारला तर चालेल का? आणि एक वेगळंच. बॉनेटचा लाल रंग पांढुरका पडलाय. कंपाउंडने (पॉलिशच्या खरखरीत पेस्टने) घासलं की फडकं लाल होतं. मी रंगच पुसून काढतोय का?

प्रतिसाद १

फडक्यापासून सुरू करतो, कारण तेवढीच चांगली बातमी आहे. फडकं लाल होतंय म्हणजे वर वेगळा क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही, एकाच थरात रंग आणि चमक दोन्ही आहेत. वरचा मेलेला थर निघतोय, खालचा जिवंत आहे. हलक्या हाताने करा, वर वॅक्स द्या. कडांवर आणि उंचवट्यांवर मात्र टेप लावा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन क्षणात पत्र्यापर्यंत पोचतं.

आता दरवाजे. चुका तीन, त्यातल्या दोन पाण्याच्या. तारेचा कप गंजाचे खड्डे साफ करत नाही, त्यांना पॉलिश करतो. चकचकीत दिसलं तरी काळे ठिपके उरले असतील तर तो गंजच. दुसरं, लांबी पाणी पिते. ती कोरडीच घासायची, धुळीसाठी मास्क लावायचा. तुम्ही तिला पाणी पाजलंत आणि वरून झाकण लावलंत. तिसरं, डब्यातला साधा प्रायमर ओल पूर्ण अडवत नाही. क्रम असा ठेवा: उघडा पत्रा, त्यावर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, मग पुन्हा प्रायमर.

काळं करणारं रसायन गंजावरच काम करतं, साफ पत्र्यावर त्याचा उपयोग नाही. त्यात फॉस्फोरिक ॲसिड असेल तर वर इपॉक्सी टाकण्याआधी डब्यावरच्या सूचना वाचा. उरलेल्या ॲसिडवर इपॉक्सी नीट धरत नाही.

पण हे सगळं बाहेरचं. दरवाजा खालून कुजतो तो बहुतेक वेळा आतून. काचेच्या फटीतून पाणी आत जातंच, ते खालच्या भोकांतून निघायला हवं. ती भोकं उघडी आहेत का ते आधी बघा.

प्रतिसाद २

पॉलिश राहू द्या हो. कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला म्हणताय, मग चासी ठोकून पाहिलीत का? लहान हातोडी घ्या आणि पुढून मागे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर थांबा. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ आणि हौद्याच्या बोल्टांपाशी जास्त वेळ द्या, चिखल तिथेच साठतो. आणि ब्रेकचे पाइप हाताने चाचपा.

केबिनचा कोपरा दिसायला वाईट, चासी गेली तर जिवावर. चासीवरचं वेल्डिंग शिकण्यासाठी करायचं काम नाही, ते जाणकाराकडून करून घ्या. कोपऱ्यावर शिकायला हरकत नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि मागच्या बाजूला पेट्रोल-डिझेलचा पाइप किंवा आतलं अस्तर नाही ना, ते बघितल्याशिवाय ठिणगी पाडू नका.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही आभार. दरवाजाचं आतलं कव्हर काढलं. तळाशी मूठभर माती आणि कुजलेली पानं, भोकं पार बुजलेली. तार घातली तर तपकिरी पाणी बराच वेळ गळत राहिलं. माझी लांबी बिचारी उगाच बदनाम झाली.

चासी सगळीकडे खणखणीत वाजली. पण मागच्या ॲक्सलकडे जाणारा ब्रेकचा पाइप एका क्लिपखाली इतका खाल्लाय की बोटाला खडबडीत खड्डे लागतात. तो बदलेपर्यंत गाडी उभी. रंग नंतर.

एक अडलंय. बाहेरचा पत्रा खाली आतल्या पत्र्यावर दुमडलेला आहे आणि गंज त्या घडीत आहे. तिथे ना ग्राइंडर जातो ना पेपर. घडी उघडली तर पत्रा चिरेल अशी भीती वाटते. आतून पातळ वॅक्स फवारून ते झिरपू द्यावं, की खालची पट्टीच कापून नवी लावावी?