शाळेसमोर 30 चा वेग: ग्रामसभेत ठराव आणायचा की नाही?

वेशीवरचा

15 ऑगस्टची ग्रामसभा जवळ आलीय. विषयपत्रिकेवर घ्यायला मी एक विषय लेखी देणार आहे. देण्याआधी सगळ्यांचं ऐकायचंय, विरोधातलं तर नक्कीच.

गाव भिवंडी तालुक्यात, माणकोली नाक्यापासून आत. रस्त्याच्या एका अंगाला जिल्हा परिषदेची शाळा, समोर मारुतीचं देऊळ, पुढे पाण्याची टाकी. गोदामांचे कंटेनर याच रस्त्यानं पहिल्यापासून जातात. 2024 साली माणकोली-मोठागाव पूल सुरू झाला तेव्हापासून डोंबिवलीकडचे गाडीवालेही वाढलेत. नाक्यावर तुंबलं की मोबाइलचा नकाशा त्यांना गावातून काढतो.

विजेच्या दोन खांबांमधलं अंतर मी टेपनं मोजलं. बरोबर 50 मीटर भरलं. 30 च्या वेगानं एवढं जायला 6 सेकंद लागतात. शाळा सुटायच्या वेळेला तीन दिवस मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन देवळाच्या ओट्यावर बसलो. सहा सेकंद घेणारी गाडी हुडकावी लागत होती. एक रिकामा कंटेनर तर तीन सेकंदांत गेला. तीन सेकंद म्हणजे 60.

तिसऱ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी रस्ता ओलांडत होती. मधेच तिची चप्पल निसटली आणि ती घ्यायला ती मागे वळली. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. शाळेच्या फाटकापासून देवळाच्या पायरीपर्यंत डांबरावर टायरचा काळा पट्टा उठला. मुलगी वाचली. चप्पल मागच्या चाकाखाली गेली, ती मी उचलून तिच्या हातात दिली. ती रडत नव्हती, नुसती चपलेचा तुटलेला अंगठा चिमटीत धरून उभी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

साधा हिशेब आहे. 60 च्या वेगात ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तरी गाडी जवळजवळ 17 मीटर पुढे गेलेली असते. 30 ला 8 मीटर. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो.

कायद्याचं सांगतो, कारण "गावातून हळू जायचा नियम आहेच की" असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत अशा रस्त्यांवर मालवाहू गाडीला 60 पर्यंत मुभा आहे. गाव लागलं म्हणून ती आपोआप उतरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 खाली राज्य सरकारला किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला ठरावीक रस्त्यावर ती कमी करता येते. कोणीतरी मागितल्याशिवाय ते होणार नाही आणि मागायची जागा ग्रामसभा आहे.

माझा ठराव असा: शाळेच्या दोन्ही बाजूंना 30 ची अधिसूचित मर्यादा, तिचे फलक आणि मापात बांधलेला स्पीड ब्रेकर. मापात हा शब्द महत्त्वाचा. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी रातोरात उरलेलं काँक्रीट ओतून वीतभर उंच, हातभर रुंद उंचवटा केला होता. त्यावरून मोटारसायकल उडून एकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, मग जेसीबीनं तो काढला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतला गोलाकार ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असतो. 25 च्या आसपास वेगानं त्यावरून आरामात जाता येतं.

पाड्यावरचा

विरोध. पोरीचं वाचून पोटात गोळा आला, तरीही ब्रेकरला विरोध.

तो वीतभर उंचवटा होता तेव्हा माझं घर त्याच्यापासून तीस पावलांवर होतं. आजही तिथंच आहे. रात्री दोनला रिकामा कंटेनर त्यावरून आपटला की मांडणीवरची ताटं वाजायची. माझी नात झोपेतून दचकून उठायची. सोप्याच्या भिंतीला भेग गेली ती त्याच वर्षी. त्याच पावसाळ्यात आईचं खुब्याचं हाड मोडलं. तिला गाडीत घालून ठाण्याला नेताना नाक्यापर्यंत जेवढे उंचवटे लागले, तेवढ्या वेळा ती ओरडली. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

तुम्ही मापाचं म्हणता. मापातला ब्रेकर मला या पंचक्रोशीत दाखवा. ठेकेदार डांबर ओततो, रोलर फिरला तर फिरला, पांढरे पट्टे पहिल्या पावसात जातात. आणि शाळेसमोर एक झाला की देवळाची आळी मागणार, मग टाकीची, मग प्रत्येकाला आपल्या दारात पाहिजे. ड्रायव्हर ब्रेकरवर हळू होतो आणि पुढच्या शंभर पावलांत दुप्पट दाबतो.

शाळेच्या वेळेला पोलीस किंवा होमगार्ड द्या. शिट्टी वाजवणारा माणूस काँक्रीटपेक्षा बरा.

जुना सातबारा

दोघंही रस्त्याच्या पृष्ठभागावर भांडताय. दुखणं त्याच्या खाली आहे.

ही गोदामं इथं का आली ते आठवा. मुंबईत 1 जुलै 2017 ला जीएसटी येईपर्यंत जकात होती. माल जकात नाक्याच्या अलीकडे उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्याला परवडत होतं. जेएनपीटी बंदर एका बाजूला, नाशिक महामार्ग दुसऱ्या बाजूला आणि मधे आपली भातखाचरं. जकात गेली तरी गोदामं राहिली, उलट वाढली. आता 5 जून 2025 पासून समृद्धी महामार्गही आपल्याच तालुक्यात आमण्याला येऊन टेकलाय.

आणि रस्ता? तोच, बैलगाडीचा. कडेची गटारं झाकून दोन फूट रुंद केला, एवढंच.

तालुक्यातल्या 60 गावांसाठी एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. बांधकाम परवानगी तिथून, घरपट्टी ग्रामपंचायतीत. पोर चाकाखाली येता येता वाचली की प्रश्न ग्रामपंचायतीला, आणि ग्रामपंचायतीच्या हातात गोदामाचा नकाशा पास करायचं काही नाही. माझी मागणी एकच. विकास आराखड्यात गावाबाहेरून दाखवलेला रस्ता आधी करा. तो होत नाही तोवर नव्या गोदामाला या रस्त्यावरून वाट देऊ नये, असा ठराव घ्या. ब्रेकर मागितला की साहेब लोक ब्रेकर देऊन मोकळे होतील आणि बायपास आणखी दहा वर्षं कागदावर राहील. मला ही भीती खरी वाटते.

गाळेवाला

सातबारा काका, तुमचा मान ठेवून बोलतो. माझ्याही बापाची ती भातखाचरंच होती. भातात काय उरत होतं ते तुम्हाला माहीत आहे. आज आमच्या चार गाळ्यांच्या भाड्यावर दोन भावांचे संसार चालतात. आळीतली पोरं तिथं लोडिंगला आहेत, दोन मुली बिलिंगला बसतात. ग्रामपंचायतीची पाण्याची नवी लाइन कशातून झाली? गोदामांच्या घरपट्टीतून. "वाट देऊ नये" म्हणणं सोपं आहे, त्याची झळ आधी या पोरांना बसेल.

पण माझी मुलगीही याच शाळेत जाते. ब्रेकरला माझा पाठिंबा. शाळा भरते आणि सुटते त्या अर्ध्या-अर्ध्या तासात आमच्या गाळ्यांवरून गाडी सोडायची नाही, एवढं मी भाडेकरूंकडून लिहून घेईन. त्यासाठी ठरावाची वाट बघणार नाही.

केबिनमधून

मी या रस्त्यानं वीस फुटी आणि चाळीस फुटी दोन्ही कंटेनर गाड्या चालवल्यात. गाव माझं नाही, शहापूरकडचा आहे. आमच्या बाजूचंही एकदा ऐका.

ठाण्यात सकाळ-संध्याकाळ अवजड गाड्यांना बंदी असते. गाडी सुटायची वेळ चुकली की बंदी उठेपर्यंत रस्त्याच्या कडेला पडून राहायचं. पाणी नाही, संडास नाही, आणि मालकाचा फोन दर पंधरा मिनिटांनी. म्हणून गोदामातून निघालो की पाय जड होतो. बरोबर आहे असं म्हणत नाही, होतं कसं ते सांगतोय.

आणि एक गोष्ट पालकांनी पोरांना आज रात्रीच सांगा. कंटेनरच्या डाव्या अंगाला, केबिनच्या अगदी खाली उभं राहिलेलं पोर आम्हाला आरशात दिसत नाही. दिसतच नाही. गाडी हळू असली तरी. त्यामुळे नुसता फलक लावून भागणार नाही. मुलांना ओलांडायला एकच ठरलेली जागा पाहिजे आणि ती लांबून कळायला पाहिजे. आधी रम्बलर पट्ट्या, म्हणजे रस्त्यावर आडव्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या, असतील तर स्टीअरिंगला थरथर लागते, मोबाइलवर बोलणारासुद्धा समोर बघतो. अचानक अंधारात ब्रेकर आला तर लोड हलतो, मागची दुचाकी आमच्यावर येऊन आदळते. पट्टे रंगवा आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवा.

बचत गटातली

सगळे दादा लोक बोलले. शाळेत मुलांना सोडायला रोज कोण जातं?

आम्ही बायका फाटकाशी हाताला हात धरून साखळी करतो आणि मुलांना पलीकडे नेतो. हात दाखवला तर कार थांबत नाही, हॉर्न मारते. परवा एकीच्या पदराला आरसा लागून गेला. पाड्यावरच्या दादांनी होमगार्ड सुचवला. मागच्या वर्षी मागितला होता, आठ दिवस आला, मग बंदोबस्ताला गेला तो गेलाच. ब्रेकर बंदोबस्ताला जात नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. आमच्याकडे ती नुसती सह्यांपुरती होते, वही घरी फिरते. यंदा ती खरीच भरवायची. विषय आधी तिथं मंजूर करून इतिवृत्तात लिहून घेऊ. ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो आकडा कमी तो. शंभर माणसं आणायला आम्हा बायकांना एक संध्याकाळ पुरते. सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, आणि मग पंधरा जणांत काय काय मंजूर होतं ते आपण बघितलंय. म्हणून पहिल्याच सभेला भरून जायचं.

वेशीवरचा

सगळं दोनदा वाचलं. पाड्यावरचे दादा, तुमच्या आईचं वाचल्यावर मी माझा कागद बदलला.

काल पंचायत समितीत जाऊन रस्ता कोणाचा ते बघितलं. आपला रस्ता इतर जिल्हा मार्गात आहे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. ग्रामपंचायतीनं परस्पर ब्रेकर घालायचा नाही, तो मागच्यासारखा बेकायदा ठरेल. ठराव दोन ठिकाणी जाईल: बांधकाम विभागाला ब्रेकर आणि रम्बलर पट्ट्यांसाठी, आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे वेगमर्यादेसाठी. त्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

ब्रेकरची जागाही बदलली. फाटकासमोर नको, टाकीच्या बाजूला. तिथं चाळीस-पन्नास पावलांत घर नाही, आणि शाळेचं मागचं दार तिकडे उघडतं. ते सध्या कुलूपबंद आहे. ते उघडलं तर मुलं तिथून सपाट माथ्याच्या उंच झेब्रा पट्ट्यावरून ओलांडतील, केबिनवाल्या दादांनी सांगितलं तशी एकच ठरलेली जागा. मुख्याध्यापिका बाई दारासाठी तयार आहेत. काम झाल्यावर माप आपण पाच जणांनी घ्यायचं आणि जमलं नाही तर पूर्णत्वाच्या दाखल्याला हरकत द्यायची, हेही ठरावात घातलंय. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आलंय. रस्ता ठरलेल्या निकषांत न बांधल्यामुळे अपघातात कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अंदाजपत्रकाच्या पत्रात त्याचा उल्लेख करणार आहे.

सातबारा काका, बायपासचा ठराव वेगळा घेऊ, त्याच सभेत. एकात घातला तर दोन्ही अडकतील. माझ्या मनात याबद्दल शंका नाही: बायपासला वर्षं लागणार आहेत, शाळा सोमवारी भरणार आहे.

जुना सातबारा

वेगळा असेल तर चालेल, पण क्रम माझा पहिला ठेवा. ब्रेकर मंजूर झाला की निम्मी सभा उठून जाते, मी चाळीस वर्षं बघतोय.

पाड्यावरचा

टाकीच्या बाजूला असेल तर मी आडवा येणार नाही. हात वर करणार नाही, हेही आत्ताच सांगतो. मापातला झाला, सहा महिने टिकला, रात्री माझी नात झोपली, तर पुढच्या सभेत मी स्वतः अभिनंदनाचा ठराव मांडेन. माप घ्यायला पाच जणांत माझं नाव लिहा.

बचत गटातली

लिहिलं. महिलांची सभा शाळेच्या पडवीत घेऊ, संध्याकाळी पाचला, मुलं सुटल्यावर. त्या मुलीच्या आईलाही बोलावलंय. मागच्या दाराच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते तेवढं कोणीतरी शोधा.

वेशीवरचा

किल्ली सापडत नाही. कुलूप गंजलंय, उद्या सकाळी मी कानस घेऊन येतोय.