ट्वायलाइट: दात काढलेला व्हॅम्पायर?

रातकिडा
भाचीच्या आग्रहाखातर स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’ कादंबरीमालेचे चारही भाग (२००५ ते २००८) वाचले. नायक एडवर्ड जन्मला १९०१ साली, १९१८च्या स्पॅनिश फ्लूत मरता मरता व्हॅम्पायर झाला. शंभरी गाठलेला हा गृहस्थ अजून शाळेत जातो आणि सतरा वर्षांच्या बेलाच्या प्रेमात पडतो! उन्हात जळत नाही, चमकतो. माणसाला सोडून हरणांच्या रक्तावर भागवतो. बरं, नव्या व्हॅम्पायरला रक्ताचं वेड लागतं म्हणून आधी केवढा धाक घातलेला. बेला शेवटी व्हॅम्पायर होते, पण पहिल्याच शिकारीत माणसाचा वास येऊनही मागे फिरते. काहीच गमवावं लागत नसेल तर गोष्ट कशाची?

मृण्मयी_क
उन्हाचा नियम मूळचा नाहीच. १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला भरदिवसा लंडनमध्ये हिंडतो. उन्हाने मरणं आलं १९२२च्या ‘नोस्फेरातू’ मूकपटातून. आणि जीवशास्त्राचा तो पहिला तास आठवा. बेला शेजारी येऊन बसते, एडवर्ड तिच्या रक्ताचा मोह आवरत खुर्चीच्या कडेला सरकून मूठ आवळून बसतो. बिचारी आपल्या केसांना वास येतोय की काय म्हणून हळूच हुंगून बघते! हवंहवंसं वाटूनही स्वतःला आवरणारा मुलगा त्या वयात कुणाला आवडणार नाही?

खवचट
आवरणारा? न विचारता रात्री खिडकीतून आत येऊन तिला झोपलेली बघत बसतो. लांडगा होणाऱ्या तिच्या मित्राकडे, जेकबकडे, जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. आपल्या गल्लीतल्या पोराने हे केलं असतं तर?

मृण्मयी_क
ड्रॅक्युलाही त्या कादंबरीतल्या लूसीच्या खिडकीशीच येतो की.

खवचट
तिथे तो खलनायक आहे हो! लूसीच्या छातीत शेवटी तिच्या होणाऱ्या नवऱ्यालाच खुंटी ठोकावी लागते.

मुक्काम_सिअ‍ॅटल
लांडग्यांबद्दल कुणीच बोलेना. जेकबची क्विल्यूट जमात खरी आहे, इथे वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ला पुशला राहते. लांडग्यांपासून आपली माणसं घडली ही त्यांची मूळकथा. व्हॅम्पायरांशी पिढीजात वैर वगैरे लेखिकेची भर. एडवर्डच्या गोऱ्या कलन घराण्याला श्रीमंती आणि संयम, यांच्या वाट्याला संताप आणि उघडी अंगं. वर चौथ्या भागात एडवर्डच सांगतो की हे खरे नरवृक (वेअरवुल्फ) नव्हेतच, नुसते रूप बदलणारे. आणि जेकबची जन्मगाठ कुणाशी, तर बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीशी! प्रेमकथा म्हणे.

रातकिडा
अगदी. भाचीला आता नारायण धारपांची ‘लुचाई’ ही भयकादंबरी देतो. कळू दे भीती म्हणजे काय.

मृण्मयी_क
त्या बाळाच्या प्रकरणाचा बचाव माझ्याच्यानेही होणार नाही, आणि जमातीबद्दलचं म्हणणं पटलं. पहिला भाग मात्र सोडत नाही. रातकिडा, ‘लुचाई’ जरूर द्या. पण भाचीला यात नेमकं काय आवडलं, ते विचारलंत का?

रातकिडा
विचारलं. म्हणाली, “मामा, तुला नाही कळायचं.”