रायडिंगची फी आणि फेडरेशनचा हिशोब: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शिंदे वहिनी, बी-५०४:
नमस्कार सगळ्यांना, मेसेज लांब आहे पण वाचा प्लीज. आमची मुलगी रायडिंगला जाते माहितीच आहे. या महिन्यात क्लबने परत पैसे मागितले, रायडरचं रजिस्ट्रेशन, घोड्याचं रजिस्ट्रेशन, स्पर्धेची एंट्री, तिथे घोडा ठेवायचे वेगळे, ट्रकचे वेगळे, आणि पावती म्हणजे वहीतून फाडलेला कागद ज्यावर फक्त एक टोटल. यातले फेडरेशनला, म्हणजे खेळाच्या राष्ट्रीय संघटनेला, किती जातात विचारलं तर म्हणे मॅडम सगळेच पालक देतात. आधीची एक स्पर्धा ऐनवेळी रद्द झाली तिची एंट्री फी अजून मिळाली नाहीये. हे बघणारं सरकारात कोणी आहे की नाही?

निलेश, सी-३०२:
वहिनी राग मानू नका पण हा परवडणाऱ्यांचा खेळ आहे. क्लब प्रायव्हेट, पालक आपल्या मर्जीने जातात, त्यात सरकारने का पडायचं? सरकारी पैसा कबड्डी खोखोच्या मैदानांवर लागला तर जास्त पोरांना फायदा

कुलकर्णी काका, ए-१०१:
निलेश, मी नोकरीभर ऑडिटमध्ये होतो म्हणून सांगतो, क्लब आणि फेडरेशन एकात घालू नकोस. क्लब प्रायव्हेट आहे, कबूल. पण देशाची टीम पाठवायची तर इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाशिवाय दुसरं दारच नाही. ती मक्तेदारी सरकारी मान्यतेने टिकते. मान्यतेबरोबर पैसाही येतो, फेडरेशन वर्षभराच्या ट्रेनिंगचं आणि स्पर्धांचं कॅलेंडर क्रीडा मंत्रालयाकडे नेतं, एसीटीसी म्हणतात त्याला, ते मंजूर झालं की त्यातल्या बाबींना अनुदान. म्हणजे एकाच पेटीत सरकारचेही पैसे आणि वहिनींचेही. मग पेटी उघडून दाखवायला नको का?

शिंदे वहिनी, बी-५०४:
आणि निलेश, परवडणाऱ्यांचा खेळ म्हणतोस ना, तो तसाच राहिला कारण खर्च कुठे होतो ते कोणाला दिसतच नाही. २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्सला ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायचा प्रकार) टीमने गोल्ड आणलं, आपल्या मुंबईचा हृदय छेडा, इंदोरची सुदीप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. एशियन गेम्समध्ये १९८२ नंतर घोडेस्वारीत पहिलं गोल्ड. चौघंही युरोपात राहून शिकत होते आणि त्याचा मोठा भार घरच्यांनी उचलला. गोल्ड आलं की देशाचं, खर्च मात्र आईबापाचा. मला आनंद झालाच, रात्री पोरीला उठवून व्हिडिओ दाखवला होता. पण एखाद्या मोतद्दाराची, घोडे सांभाळणाऱ्याची, पोरगी चांगली बसत असेल तर तिचं पुढे काय होणार?

सुभेदार मोरे, डी-२०१:
मोतद्दाराचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी आर्मीत आरव्हीसीमध्ये, म्हणजे घोडे आणि जनावरं सांभाळणाऱ्या दलात होतो, आयुष्य पागेत गेलं. घोड्याला चंदी, चारा, दर काही आठवड्यांनी नालबंद, रोज खरारा, डॉक्टर, याला पर्याय नाही, घोडा स्पर्धेत असो वा नसो. त्यामुळे खर्च जास्त येतो ही तक्रार नाही. तक्रार ही की कशावर किती गेला ते मांडत नाहीत. आता युरोपात का राहावं लागतं बघा, आपल्याकडच्या घोड्यांवर आजारांमुळे बंधनं होती, इथून घोडा नेणं जवळपास अशक्य. २०२५ मध्ये मेरठच्या आरव्हीसी सेंटरला घोड्यांच्या आजारांपासून मुक्त असा विभाग म्हणून जागतिक पशु आरोग्य संघटनेने मान्यता दिली. ग्लँडर्स, सर्रा, इन्फ्लुएंझा अशा आजारांवर तिथे कडक पहारा आहे. आता तिथे ठेवलेला घोडा नियम पाळून परदेशात स्पर्धेला जाऊ शकेल. सरकारी पैसा असा लागला पाहिजे, चार श्रीमंत पोरांच्या तिकिटाला नाही तर सगळ्यांना उपयोगी पडेल अशा ठिकाणी.

निलेश, सी-३०२:
हे मेरठचं माहिती नव्हतं, हे पटलं. पण मग तिथे कोणाचे घोडे जाणार हे कोण ठरवणार

कुलकर्णी काका, ए-१०१:
अगदी बरोबर जागी बोट ठेवलंस. फेडरेशनमध्ये मत कोणाला असावं, राज्य संघटनांना की क्लबांना, यावर राजस्थानची संघटना दिल्ली हायकोर्टात गेली आणि तो वाद वर्षानुवर्षं चालला. मत ज्याच्या हातात तोच कमिटी निवडतो आणि कमिटीच फी, सिलेक्शन, कंत्राटं ठरवते. म्हणून मला निवडणुकीची भांडणं पैशाची भांडणं वाटतात.
करारांचंही तेच. आपला रायडर फवाद मिर्झा, त्याने २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्सला दोन सिल्वर जिंकले, मग टोकियो ऑलिंपिकमध्ये फायनलपर्यंत जाऊन २३वा आला. तो घोडा सेन्यूर मेडिकॉट त्याच्या स्पॉन्सरच्या मालकीचा. यात गैर काही नाही, असा घोडा एकट्या रायडरला घेणं जमतच नाही. पण उद्या मालकाने घोडा काढून घेतला तर रायडर पायी! सरकार अशा रायडरवर पैसे लावणार असेल तर घोडा किती काळ त्याच्याकडे राहणार, विकला तर काय, इन्शुरन्स कोणाचा, हे करारात आधी वाचलं पाहिजे.

शिंदे वहिनी, बी-५०४:
काका नवीन कायदा आलाय ना, त्यात आमच्या फीचं काही आहे का?

कुलकर्णी काका, ए-१०१:
ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा पास झाला. राष्ट्रीय क्रीडा बोर्ड मान्यता देणार, फेडरेशनने ऑडिट झालेले वार्षिक हिशोब प्रसिद्ध केले नाहीत किंवा सरकारी पैसा भलतीकडे वळवला तर मान्यता जाऊ शकते. भांडणांसाठी ट्रायब्युनल. कमिटीत नामवंत खेळाडू आणि किमान चार बायका हव्यात. हे सगळं चांगलंच आहे. पण आरटीआयचं कलम नीट वाचा, संघटना माहिती अधिकाराखाली येते ती सरकारी मदत कशी वापरली तेवढ्यापुरतीच. वहिनींनी भरलेली फी त्यात बसत नाही. ती फार तर ताळेबंदात ‘फी व वर्गणी’ अशा एका ओळीत दिसेल. माझ्या मते ही मोठी फट आहे. ज्याला दुसरीकडे जायचा रस्ताच नाही त्याच्याकडून घेतलेली फी करासारखीच धरली पाहिजे, आणि तिचा दर, वाटणी, परतावा मान्यतेच्या अटींमध्येच लिहिला पाहिजे.

निलेश, सी-३०२:
मग आत्ता करता येण्यासारखं काय आहे

कुलकर्णी काका, ए-१०१:
दोन गोष्टी. मंत्रालय स्वतः आरटीआयखाली आहेच, त्यामुळे फेडरेशनला कुठल्या बाबीखाली किती मंजूर झाले, किती वापरले, पैसे ठरल्या कामाला लागल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट आलं का, हे १० रुपये भरून ऑनलाइन विचारता येतं, उत्तराला ३० दिवस. मसुदा मी करतो. आणि क्लबला पालकांनी मिळून लेखी पत्र द्यायचं, फेडरेशनची फी, राज्य संघटनेची फी आणि क्लबचा चार्ज वेगवेगळा लिहून छापील पावती द्या, रद्द स्पर्धेच्या पैशाची तारीख सांगा. एकट्याने दिलं तर उद्या मुलीला घोडा मिळत नाही म्हणून वहिनी, बाकीच्या पालकांच्या सह्या आधी घ्या.

शिंदे वहिनी, बी-५०४:
नऊ पालक तयार आहेत, रविवारी क्लासनंतर सह्या घेते. कागदाचे फोटो तुम्हाला पर्सनलवर पाठवते काका.

सुभेदार मोरे, डी-२०१:
पत्रात एक ओळ वाढवा, मोतद्दारांचा पगार कोण देतं आणि वेळेवर देतं का तेही लिहून मागा.