ताशी ६५ मैलांच्या पुढे बोट डावी-उजवी डोलायला लागते, प्रॉप (मोटरचा पंखा) बदलू का?

पहिलीच_बासबोट

नमस्कार मंडळी. २० फुटी बास बोट (मासेमारीची वेगवान बोट) आहे, २५० एचपी आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेली मोटर), सेकंडहँड घेतलीय. आधीच्या मालकाने सांगितलं होतं ७४-७५ मैल आरामात जाते, माझी जीपीएसवर ६७ च्या वर गेलेली नाही. आणि खरी गोष्ट म्हणजे ६५ पार झालं की बोट डावीकडे पडते मग उजवीकडे मग परत डावीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त, मी घाबरून थ्रॉटल सोडतो. सध्या २५ पिचचा (एका फेरीत कागदावर २५ इंच पुढे नेणारा) तीन पात्यांचा स्टीलचा प्रॉप आहे, ५७०० आरपीएम मिळतात, गिअर रेशो १.७५ (इंजिनच्या १.७५ फेऱ्यांना प्रॉपची एक). चार पात्यांचा घेतला तर स्थिर होईल असं एकाने सांगितलं. प्रॉप स्वस्त नसतो म्हणून आधी विचारतोय.

स्लिपमास्तर

थांबा, पाकीट आत ठेवा. आकडे दिलेत ते फार बरं केलंत, बहुतेक लोक नुसतं "पळत नाही हो" एवढंच लिहितात. आरपीएम गुणिले पिच, भागिले (गिअर रेशो गुणिले १०५६), हा कागदावरचा स्पीड. तुमचा येतो ७७. प्रत्यक्षात ६७, म्हणजे स्लिप (कागदावरच्या आणि खऱ्या स्पीडमधली तूट) १३ टक्के. पॅडवर (तळाच्या मधल्या अरुंद सपाट पट्टीवर) नीट चालणाऱ्या बास बोटीला ५ ते १० च्या आसपास असायला हवी. म्हणजे इंजिन ताकद देतंय, ती वाया कुठेतरी जातेय. स्पीड जीपीएसचाच धरताय ना, डॅशवरच्या काट्याचा नाही? आणि वाऱ्याबरोबर एकदा, वाऱ्याविरुद्ध एकदा अशा दोन फेऱ्या मारून सरासरी काढा. मोटर किती उंचीवर बसवलीय? जॅक प्लेट (मोटर वर-खाली करणारी चौकट) आहे का?

पहिलीच_बासबोट

हो जीपीएसच. हायड्रॉलिक जॅक प्लेट आहे पण खरं सांगू, मी तिला कधी हात लावलेला नाही, होती तशीच आहे.

जुना_पॅडवाला

दादा तुम्ही जे सांगताय त्याला चाइन वॉक म्हणतात. नाक वरखाली उड्या मारतं ते पॉर्पोइझिंग, ते वेगळं, ते बहुतेक वेळा ट्रिम (मोटरचा कल) कमीजास्त करून किंवा वजन सरकवून जातं. चाइन वॉकमध्ये बोट पाण्याबाहेर येऊन फक्त मधल्या अरुंद पॅडवर तोललेली असते, त्यात प्रॉप उजवीकडे फिरतो म्हणून बोटीला डावीकडे कलंडवायला बघतो (ड्रायव्हरची सीट उजवीकडे का असते, तर हेही एक कारण). म्हणजे सायकलच समजा, थोडं तोल सांभाळणं आलंच. पण सायकलचं हँडलच ढिलं असेल तर काय सांभाळणार?

म्हणून सगळ्यात आधी स्टीअरिंग. माझ्या जुन्या बोटीत दोन महिने मी प्रॉप बदल, बॅटरी सरकव असे उद्योग करत होतो, मग एकदा ट्रेलरवर असताना भावाला स्टीअरिंग घट्ट धरायला लावलं आणि मागे जाऊन स्केग (मोटरच्या अगदी खालची उभी पट्टी) दोन्ही हातांनी हलवली. स्टीअरिंगच्या चाकाला काही कळायच्या आत स्केग बोटाच्या रुंदीइतकी इकडून तिकडे जात होती!! अर्धा दोष हायड्रॉलिक लाइनमधल्या हवेचा होता, अर्धा जॅक प्लेटच्या ढिल्या बोल्टचा आणि तिच्यातल्या झिजलेल्या पॅडचा (तळाचा पॅड नव्हे). लाइन ब्लीड केली (हवा काढली), बोल्ट टॉर्कने आवळले आणि त्याच प्रॉपवर ती बोट दुसऱ्या दिवशी वेगळीच वाटली.

एक महत्त्वाचं, डोलायला लागल्यावर चाक जोरात फिरवू नका, तुमची दुरुस्ती उशिरा पोचते आणि पुढच्या डोलण्यात भर घालते. फूट थ्रॉटल असेल तर दोन्ही हात चाकावर, आणि हलकेच, अगदी बारीक. झोके मोठे व्हायला लागले तर थ्रॉटल सावकाश कमी करा, एकदम सोडू नका, नाक आपटतं. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अडकवलेली असल्याशिवाय यातलं काहीही करून बघू नका.

वजनदार

वर सगळे बरोबर बोलतायत पण वजनाचं कोणी बोललंच नाही. लाइव्हवेल (मासे जिवंत ठेवायची टाकी) भरून स्पीड टेस्ट करणारे लोक मी पाहिलेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, १२० लिटरची टाकी भरली की दीड माणूस फुकट नेताय. आणि बरोबर कोणी नसताना पळवत असाल तर उजवीकडे तुम्ही, डावीकडे कोण? जड टॅकल बॉक्स डाव्या बाजूला ठेवून बघा.

स्लिपमास्तर

वजनाचं मान्य, पण आधी उंची. ट्रेलरवर बोट सपाट करा, मोटरवरची, प्रॉपच्या वरची आडवी प्लेट (जॅक प्लेट नव्हे) पॅडला समांतर येईल इतकी ट्रिम करा, मग जमिनीपासून पॅडची उंची आणि प्रॉप शाफ्टच्या मध्याची उंची मोजा. वजाबाकी किती येते सांगा. गिअरकेस (मोटरचा पाण्यातला खालचा भाग) जितकी जास्त पाण्यात तितकं ओढणं जास्त. पाव-पाव इंच वर घ्या, दर वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. डोळा कूलिंग वॉटर प्रेशरच्या गेजवर, तुमच्या इंजिनच्या पुस्तकातल्या किमान आकड्याखाली आलं की लगेच खाली घ्या, दोन मैलांसाठी इंजिन जाळू नका. प्रॉप हवा ओढायला लागला, म्हणजे आरपीएम वाढले पण स्पीड वाढत नाही, तर तिथून परत पाव इंच खाली.

पहिलीच_बासबोट

उशिरा रिपोर्ट देतोय, माफी. शाफ्ट पॅडच्या साडेचार इंच खाली निघाला! स्केग हलवली तर माझ्याकडेही तोच प्रकार, लाइनमधून इतके बुडबुडे निघाले की मोजायचं सोडून दिलं. लाइन ब्लीड केली, मोटर तीन टप्प्यांत पाऊण इंच वर घेतली, लाइव्हवेलची टाकी रिकामी, मागच्या लॉकरमधून आधीच्या मालकाचा एक जुना अँकर निघाला तो काढला. आता ५८५० आरपीएम, दोन्ही फेऱ्यांची सरासरी ७२. प्रेशर ठीक आहे. ७० ला अजून थोडी डोलते पण आता हाताशी येते. मग चार पात्यांचा घेऊ का?

स्लिपमास्तर

५८५० ला कागदावर ७९, म्हणजे स्लिप ९ वर आली. सुरेख. चार पात्यांचा प्रॉप मागचा भाग उचलून धरतो, लाटांत आणि वळणावर पकड चांगली देतो, पण टॉप स्पीड थोडा जाऊ शकतो, आणि साधारण एक इंच पिच कमीचा घ्यावा लागतो. कोणाकडून तरी दोन दिवस मागून आणा आणि तुमच्या नेहमीच्या वजनाने चालवा.

जुना_पॅडवाला

आणि मागायला जाल तेव्हा एक लांब सरळ पट्टीही मागा. पॅडच्या शेवटच्या चार-पाच फुटांवर लांबीच्या दिशेने लावून मागून टॉर्च मारा, मध्ये उजेड दिसला तर तळाला हुक (आत दबलेला खोलगटपणा) आहे, नाक खाली दाबतो तो. ट्रेलरचे बंक (बोट टेकते त्या फळ्या) ट्रान्समपर्यंत (बोटीच्या मागच्या भिंतीपर्यंत) पोचत नसले की होतं हे. तुमच्या ट्रेलरचे बंक कुठवर आहेत?

पहिलीच_बासबोट

आत्ता जाऊन बघितलं. ट्रान्समच्या वीतभर आधी संपतात. पट्टी उद्या आणतो.