टबावरचा गंजका नळ: भिंत फोडायचीच का?

पेठेतला_पाहुणा
एरंडवण्यातला फ्लॅट, १९८६ चा. सासऱ्यांनी तेव्हा हौसेने बाथरूममध्ये टब बसवून घेतला. त्यात डुंबणं झालं पहिले दोन महिने, पुढे पाणीकपातीत तो घरची टाकीच झाला. आता बाथरूम नवं करतोय, टब काढायचाय, पण वरचा मिक्सर (गरम-गार पाण्याचा जोडनळ) काही निघेना. क्रोमचे पापुद्रे सुटलेत, नट हिरवे पडलेत. प्लंबर आला आणि पान्याला हातही न लावता म्हणाला, "साहेब, टाइल्स फोडू, सगळी लाइन नवी टाकू."

माझं मत: नळ काढायचं कसब राहिलं नाही म्हणून हे लोक भिंती फोडतात. रात्रभर गंज सोडवायचं तेल मारा, दोन पाने लावा, नळ निघतो. नवा मिक्सरही त्याच दोन तोंडांवर बसतो, मधलं अंतर ६ इंच ठरलेलंच असतं. पटत नसेल तर कारणासकट लिहा.

ठाणेकरीण
अजिबात पटत नाही. तेल जातं बाहेरच्या नटात. खरा अडकलेला जोड असतो टाइलच्या मागे, जिथे मिक्सरचा लेग (भिंतीत जाणारा पितळी तुकडा) पाइपाच्या लोखंडी एल्बोत, म्हणजे काटकोनी जोडात, शिरतो. तो गळू नये म्हणून सूत आणि सफेदा (पांढरा लेप) लावून घट्ट केलेला. तिथे तेल पोचणार कसं?

आमच्याकडे यजमानांनी रविवारी हाच पराक्रम केला. लेग कट्‌कन मोडला, आटे आतच राहिले. मोडलेली कड पिवळी नव्हती, तांब्यासारखी गुलाबी आणि खडबडीत होती. पितळातलं जस्त झिजून गेलं की उरतं ते असं बिस्किटासारखं ठिसूळ. त्यात गच्चीवरचा व्हॉल्व्ह जाम! तासभर मी भोकात फडकं कोंबून उभी होते.

पाना_पक्कड
ताई, दोष नळाचा नाही, हाताचा. एका पान्याने मागचा भाग धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर सगळा पीळ लेगवर येतो. शिवाय आधी किंचित घट्ट करायचं, मग सैल. गंज त्यानेच तुटतो.

मोडला तरी भिंत फोडायचं कारण नाही. हॅक्सॉचं नुसतं पातं आत घालून पितळी कड्याला एक चीर पाडा. एल्बोचे आटे लागायच्या आत थांबा. मग छिन्नीने कडं आतल्या बाजूला मिटवा, निघून येतं. चिकाटी लागते एवढंच. (टब फायबरचा असेल तर ब्लोटॉर्च जवळपासही नको.)

एडिसनची_मावशी
आमचं न्यू जर्सीतलं घर १९५० च्या सुमाराचं. टबाच्या नळामागे, शेजारच्या खोलीतल्या कपाटात, एक छोटं लाकडी दार आहे. ते उघडलं की सगळे जोड समोर. आपल्याकडे पाइप विटांत गाडून वर सिमेंट थापतात आणि मग चाळीस वर्षांनी भांडत बसतात!

गच्चीवरचा
तुम्ही सगळे नळावर भांडताय, पाइपाचं कोण बघणार? भिंतीतल्या जीआय, म्हणजे लोखंडी, पाइपाला जस्ताचा मुलामा असतो. तो आतून संपला की लोखंड गंजतं आणि गंज फुगून पाइपाची नळी बुजवतो. पितळ आणि लोखंड जिथे भेटतात तिथे झीज लोखंडाची होते, म्हणजे नेमकी त्या एल्बोत. त्यावर चकचकीत मिक्सर लावणं म्हणजे हलणाऱ्या दाताला सोन्याची टोपी.

साधी परीक्षा करा. मिक्सर काढल्यावर उघड्या तोंडाखाली बादली लावा. त्याच टाकीचं पाणी स्वयंपाकघरात धो धो आणि इथे करंगळीएवढं येत असेल, तर वाद मिटला.

पेठेतला_पाहुणा
केली परीक्षा. नट दुसऱ्या दिवशी निघाले, तेलानेच (नोंद घ्यावी). लेगही सुटले, न मोडता. पण टॉर्च मारून आत बघितलं तर अर्ध्या इंची पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढी वाट, बाकी तपकिरी खरपुडी. १५ लिटरची बादली गार पाण्याने सव्वाचार मिनिटांत भरली, गरम पाण्याने त्याहून उशिरा. स्वयंपाकघरात एका मिनिटात.

तेव्हा टाइल्स फोडतोय. पण प्लंबर बरोबर होता हे मी म्हणणार नाही. त्याने बघितलंच कुठे होतं?

पाना_पक्कड
हे मात्र खरं! मी असतो तर अजून पाच वर्षं ढकलली असती.

गच्चीवरचा
गरम लाइनला सीपीव्हीसीच (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) घ्या, साधा पीव्हीसी कोणी खपवायला बघेल. मिक्सरच्या तोंडाला पितळी आट्यांची एल्बो. टाइल्स लावायच्या आधी दोन्ही तोंडं बूच मारून लाइन प्रेशरवर ठेवा आणि सगळे जोड हात फिरवून बघा.

ठाणेकरीण
आणि त्याआधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह फिरतो का ते बघा. फडकं कोंबायला तुमच्याकडे कोण उभं राहणार?